माफ केलेली फी

‘आणि त्या बाई माझे दोन्ही हात धरून ढसाढसा रडल्या,’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिची पेन्सिल कागदावर नीट चालली होती, आणि त्या बाई म्हणजे आपणच हे तिला अजून कळलं नव्हतं. लघुलेखिकेला सगळं जरा उशिराच कळतं. बोलणाऱ्याच्या चार शब्द मागे राहायचं, हा या कामातला पहिला धडा; बरोबरीने धावायला गेलं की पाय अडखळतो, फार मागे राहिलं की वाक्य हातचं निसटतं. सत्तावीस वर्षं तिने हे चार शब्दांचं अंतर राखलं होतं. मंत्री आले, कारखानदार आले, संपावरचे कामगार आले. एकदा एक साक्षीदार बोलता बोलता कोसळला, तेव्हाही ‘मला जरा गरगरतंय’ हे त्याचे शब्द टिपून मगच तिने पाण्याचा पेला पुढे केला होता. कचेरीत तिला पाठीमागे ‘टाचणी’ म्हणत. बारीक, सरळ, आणि एकही कागद सुटू न देणारी. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

समितीपुढे महिनाभर एकच प्रश्न घोळत होता. ज्यांची कमाई मोठी, त्यांनी नुसता जास्त कर नव्हे, कमाईतला जास्त हिस्सा द्यावा की नाही. मोठ्या दालनाचं रंगकाम निघालं होतं, म्हणून बैठक मागच्या अरुंद खोलीत होती. तिथे ना ध्वनिक्षेपक ना ध्वनिमुद्रण. होती ती एकटीच. ओल्या रंगाचा वास भिंतीतून झिरपत होता, आणि डॉक्टर तिच्यापासून दीड हातावर बसले होते. इतके जवळ, की त्यांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यावं. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे शहरातले सगळ्यात नावाजलेले डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष. आत येताना त्यांनी सगळ्यांना मान लववली, तिलाही लववली. पण ओळखलं नाही. तिने तर त्यांना दारातच ओळखलं होतं. पेन्सिलीला टोक काढताना तिने स्वतःला बजावलं होतं, हे साक्षीदार आहेत, बाकी काही नाहीत.

त्यांचं बोलणं घरंदाज, ठाशीव. ‘मी दहापट कमावतो, दहापट कर भरतो. तक्रार नाही. तुम्ही म्हणता, वीसपट भरा. का? ही बोटं पंचेचाळीसाव्या वर्षी कुणी मला आयती आणून दिली नाहीत. आणि सरकारच्या हातून निघालेला पैसा वाटेत किती ठिकाणी झिरपतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.’ दोघे-तिघे सदस्य हसले. ‘माझ्या हातून निघालेला थेट रोग्यापर्यंत पोचतो. एकच उदाहरण देतो. चार वर्षांपूर्वी एक सरकारी नोकरीतल्या बाई आल्या होत्या. नवऱ्याची झडप निकामी झाली होती. हप्त्यांनी पैसे देऊ का, विचारत होत्या. मी म्हटलं, माझी फी राहू द्या. आणि त्या बाई…’ हप्ते. चोवीस हप्ते. ते विचारायचं वाक्य तिने आरशासमोर पाठ केलं होतं. पेन्सिल ‘ढसाढसा’पर्यंत पोचली आणि मग अर्थ पोचला. तोंडात मारल्यासारखा. मी रडले नव्हते. एवढंच डोक्यात घुमायला लागलं. मी रडले नव्हते, मी उभी होते, माझ्या हातात पाकीट होतं, पहिल्या हप्त्याचं. तुमचे हात धरायला माझे हात मोकळे कुठे होते? कानात भट्टी पेटल्यासारखं झालं. कुणीतरी प्रश्न विचारला. टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या, आयुष्यभर शाळेत शिकवून आता निवडून आलेल्या वयस्क सदस्या. सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. बाईंचा प्रश्न हाताने सवयीने उतरवून घेतला: ‘आणि डॉक्टर, ज्यांना तुम्ही माफी देऊ शकला नाहीत, असे किती?’ डॉक्टर काहीतरी बोलले. ओठ हलताना तिने पाहिले. बाईंनी मान हलवली, आणि समितीच्या अध्यक्षांनी पुढचा प्रश्न घेतला. पेन्सिल पुन्हा चालू झाली तेव्हा वहीत प्रश्नाखाली पांढरी ओळ होती.

कचेरीच्या अधीक्षकांनी ती ओळ पाहून आधी चष्मा पुसला. ‘तुमच्या वहीत?’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, ‘अहो, त्यात काय एवढं. “नेमकं सांगता येणार नाही” असं टाका. तेच म्हणाले असणार. माणूस दुसरं काय म्हणतो अशा वेळी?’

‘म्हणाले असणार, असं लिहिता येत नाही, साहेब.’

‘निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमच्या. सेवापुस्तक कोरं आहे. एका ओळीपायी शेरा ओढवून घेणार?’ तिने वही मिटली, तेव्हा म्हणाले, ‘ठीक आहे. कागद तपासायला साक्षीदाराकडे जातोच. त्यांनाच विचारा. पण शिपायाबरोबर पाठवा.’ ती म्हणाली, मीच जाते.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खिडकीशी बसून संत्रं सोलावं तसं वर्तमानपत्र सोलत होता; छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होता, अजूनही दुसऱ्यांच्या चुकांवर पेन्सिलीने गोल केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. सगळं ऐकून तो हसला. ‘त्या माणसाने माझं हृदय शिवलं आणि तू त्याचं वाक्य उसवायला निघालीस होय?’ ती हसली नाही. ‘अगं, धर्माची गाय. तिचे दात कशाला मोजायचे? त्याने दिलं, आपण घेतलं, संपलं. रडलीस म्हणाला तर म्हणू दे. त्याला तेवढंच समाधान.’ त्याला घेता येतं, तिला वाटलं. काही माणसांना जन्मतःच घेता येतं, हात पुढे करून, मान ताठ ठेवून. तिला आलं नाही. त्या दिवशी डॉक्टर कुठल्यातरी कागदावर सही करत, वर न बघता म्हणाले होते, ‘असू द्या, माझी फी नको,’ आणि तिच्या हातातलं पाकीट एकदम जड झालं होतं. बाहेरच्या टेबलावरची मुलगी म्हणाली होती, नशीबवान आहात हं. नशीब. त्या शब्दाने तिच्या तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. शस्त्रक्रियेनंतर नवव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाशी लाली दिसली, मग पाणी, मग पू. नवरा म्हणाला, डॉक्टरांना फोन कर. तिने रिसीव्हर उचलला आणि ठेवला. काय सांगायचं? तुम्ही फुकट केलंत ते नीट झालं नाही? रोज उद्या म्हणत तीन आठवडे ती कोपऱ्यावरच्या साध्या दवाखान्यात त्याला नेऊन पट्टी बदलून आणत राहिली. ताप एकशेतीनवर गेला त्या दुपारी त्याचा हात हातात धरून ती बसली होती, आणि तेव्हाही तिचा दुसरा हात फोनकडे गेला नाही. जखम अखेर आपोआप भरली. पण ती तीन आठवडे आपण काय करत होतो हे तिने कुणालाच, त्यालाही, कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं डॉक्टरांनीच फोनवर पट्टी बदलायला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. तळमजल्यावर तेच टेबल, मुलगी दुसरी. समितीकडून आलेय म्हटल्यावर लगेच वर सोडलं. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की गेल्या खेपेला या जिन्यापाशी पोचायला तिला अकरा दिवस लागले होते, आणि तेही नवऱ्याच्या छापखान्याच्या मालकाने चिठ्ठी दिली म्हणून. डॉक्टरांनी कागद घेतले आणि उभ्याउभ्याच भराभर वाचले. त्या ओळीशी थांबले.

‘इथे जागा का सोडलीत?’

‘ऐकू आलं नाही.’

‘मी बोललो नाही की तुम्हाला ऐकू आलं नाही?’

‘तुम्ही बोललात. मला ऐकू आलं नाही.’

‘दीड हातावर बसला होतात तुम्ही.’ त्यांनी आता पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहायची त्यांची पद्धत अशी, की समोरच्याला आपोआप आपला श्वास मोजावासा वाटे. ‘बरं वाटत नव्हतं का?’

तिने ठरवलं होतं, बोलायचं नाही. साक्षीदाराने सांगितलेलं खरं आहे की खोटं, हे बघणं आपलं काम नव्हे. खोटं असलं तरी म्हणाला तेच लिहायचं. पण जीभ ठरवलेलं ऐकेना. ‘ज्या बाईंचं तुम्ही सांगत होतात ना डॉक्टर, ती मी. आणि मी रडले नव्हते.’

डॉक्टर खुर्चीत बसले. रागावले नाहीत, लाजले नाहीत. आठवत राहिले. ‘कुणीतरी रडलं होतं,’ शेवटी म्हणाले. ‘हात धरले होते. मला स्पष्ट आठवतंय.’

‘दुसरं कुणी असेल.’

‘असेल. वर्षाला दहा-अकरा जणांची फी सोडतो मी. चेहरे मिसळतात.’ मग कामाच्या आवाजात, ‘यजमान कसे आहेत? जखम नीट भरली होती?’

हा प्रश्न कुणी चार वर्षांत विचारला नव्हता. आणि तिने सांगून टाकलं; लाली, पाणी, पू, ताप, तीन आठवडे, सगळं, एका सुरात, जसं ती रोज दुसऱ्यांचं वाचून दाखवत असे. अर्ध्यावरच डॉक्टरांचा चेहरा पालटला. ते ताडकन उभे राहिले. ‘तीन आठवडे? आणि तुम्ही मला फोन केला नाहीत? अहो, आत हाडापर्यंत गेलं असतं तर? मेला असता तो माणूस!’

‘हो.’

‘मग का नाही केलात?’

‘फुकटातलं होतं.’

एवढंच बोलली ती. खालच्या रस्त्यावर एक गाडी मागे घेत असल्याचा टुकटुक आवाज येत राहिला. तिला वाटलं, संपलं, आता या दारात पुन्हा पाऊल ठेवायची सोय राहिली नाही, आणि नवऱ्याच्या झडपेची चार वर्षांनी सांगितलेली तपासणी तर महिन्यावर आली आहे. पण छातीत कुठेतरी जुना पूही वाहून जात असावा, कारण दुखत असतानाच बरं वाटत होतं. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. ‘त्या जागी काय लिहू? मी काय म्हणालो ते मलाही आठवत नाही. या प्रश्नावर मी नेहमी काहीतरी म्हणतो. “आकडा हाताशी नाही” म्हणालो असेन.’

‘आठवत नसेल तर नको. नंतरचं उत्तर आदल्या दिवसात घालता येत नाही.’

‘मग असंच जाणार? तुमच्या अंगाशी येईल.’

‘येऊ दे,’ ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याच टेबलावर वाकून तिने त्या पांढऱ्या ओळीत लिहिलं: लघुलेखिकेस ऐकू आले नाही. खाली स्वतःची आद्याक्षरं. डॉक्टरांनी बराच वेळ ती ओळ वाचली आणि शेजारी सही केली.

अंगाशी आलंच. समितीच्या अध्यक्षांचा खुलासा मागणारा कागद आला, सेवापुस्तकात शेरा पडला, आणि कचेरीत तिच्या पाठीमागच्या कुजबुजीचा सूर बदलला. ‘टाचणी गंजली’ असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे खुसखुसले. तिने ते ऐकलं. हल्ली नको ते सगळं ऐकू येत होतं. डबा खाताना ती एकटी बसू लागली. रात्रीपेक्षा सकाळ अवघड जाई. उठल्याबरोबर ती पांढरी ओळ डोळ्यांपुढे येई आणि वाटे, ‘नेमकं सांगता येणार नाही’ हे चार शब्द लिहिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण शाळेच्या बाईंनी कागद वाचले होते. त्या ओळीत उत्तर नोंदलेलं नाही म्हणून त्यांनी हट्ट धरला, आणि आठ दिवसांनी साक्षीदाराला त्या एका प्रश्नासाठी पुन्हा बोलावलं गेलं. अधीक्षक म्हणाले, तुम्ही बसू नका. पण दुसरी लघुलेखिका बाळंतपणाच्या रजेवर होती. तीच बसली.

डॉक्टर तसेच दीड हातावर बसले. या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही, पण बोलायला सुरुवात करण्याआधी तिने वही उघडेपर्यंत थांबले. बाईंनी तोच प्रश्न वाचून दाखवला.

‘गेल्या वेळी मी काहीतरी बोललो,’ डॉक्टर म्हणाले, ‘कारण मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची मला सवय नाही. आता विचारून आलोय. माझ्यापर्यंत कोण पोचणार, हे माझ्या तळमजल्यावर बसणारी मुलगी ठरवते. ती म्हणाली, रोज सहा-सात जण खर्चाचा अंदाज विचारतात आणि तिथूनच परत जातात. मी ज्यांची फी सोडतो ते वर्षाला दहा. बहुतेक कुणाची तरी चिठ्ठी घेऊन आलेले.’ ते थांबले. ‘रोज सहा म्हणजे वर्षाला किती, ते तुम्ही करा. मी गाडीत केलं.’

‘म्हणजे कर वाढवावा, असं तुमचं मत झालं का?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘नाही. वाढवलात तर मी चिडणार. हिशेबनिसाला बोलावून पळवाटा शोधणार. हे उघड सांगतो. संघटनेचं निवेदन आहे तसंच आहे.’ मग आवाज खाली आला. तिला पुढे झुकावं लागलं. ‘पण मी तुम्हाला सांगितलं होतं, माझा पैसा थेट पोचतो. तो माझ्या डोळ्यांना दिसतो तिथेच पोचतो. आणि ज्याला मिळाला तो माणूस पुढे माझ्याशी भांडू शकत नाही. मरायला टेकला तरी फोन करत नाही. हे वैद्यकाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. यावर उपाय माझ्याकडे नाही. तुम्हाला त्यासाठीच निवडून दिलंय.’

पेन्सिल चार शब्दांच्या अंतराने चालत राहिली. ‘धोक्याचं आहे’ लिहितानाही रेघ हलली नाही. शेवटचं चिन्ह उमटलं तेव्हा वर पाहायचं तिने टाळलं. डॉक्टर गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की संघटना करवाढीच्या विरोधात ठाम आहे. नवऱ्याने त्यातल्या ‘ठाम’वर गोल केला, कारण छापलं होतं ‘ठम’. त्यालाही तिने त्या संध्याकाळी तीन आठवड्यांचं सगळं सांगितलं. ‘मला वाटायचं डॉक्टर रोज तुझ्याशी बोलतात,’ एवढंच तो म्हणाला, आणि उठून आपली कपबशी आपणच विसळून आला. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘मग तपासणीला जायचं कुठे?’ डॉक्टरांकडे गेलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. तिला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पाय उचलत नव्हता. ‘सरकारी रुग्णालयात जाऊ,’ ती म्हणाली. तो म्हणाला, ‘माझ्या झडपेवर प्रयोग का?’ पण आला.

करवाढ मंजूर झाली, पण मागितली होती त्याच्या निम्मीच. कुणी म्हणालं लूट, कुणी म्हणालं तोंडाला पानं पुसली. रुग्णालयाला त्यातलं काही पोचायला अजून अवकाश होता, हे आत पाऊल टाकताच कळलं. सकाळी आठला रांगेत लागले. बाकावर बसायला जागा नाही, पंख्याला गती नाही, कुणाचं तरी मूल सारखं खोकतंय. शेजारच्या माणसाशी नवऱ्याची तेवढ्यात गट्टी जमली. ती आतून धुमसत होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात दहा मिनिटांत झालं असतं. गार खोलीत. त्यांचं काय चुकलं होतं? वाटेत झिरपतं म्हणाले, ते हेच की. आपण कुठल्या अहंकारापायी या आजारी माणसाला इथे उभं केलं? साडेअकराला नंबर लागला. तरुण डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं नाही, चिठ्ठी विचारली नाही, नुसता आकडा पाहिला. नळी छातीला लावली, डोळे मिटून नीट ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘आवाज बरा आहे, पण फोटो काढून बघायला हवं. खिडकी सहावर जा. पुढचे!’ आभार मानायला तोंड उघडेपर्यंत पुढची बाई खुर्चीत बसलीसुद्धा होती.

खिडकी सहाच्या आतला कारकून मान वर न करता म्हणाला, ‘यंत्र बंद आहे. गुरुवारी या.’

ती वळली. दोन पावलं गेली. आणि मग परत फिरली. ‘कधीपासून बंद आहे?’

‘गुरुवारी या म्हटलं ना बाई.’

‘कधीपासून बंद आहे, ते विचारतेय मी. दुरुस्तीला सांगितलंय का? कुणी सांगितलं? कागद दाखवा.’ आवाज आपलाच आहे हे तिला पटेना. इतका मोठा आवाज आपल्याकडे होता? ‘हा माणूस सकाळी आठपासून उभा आहे. छाती उघडलेला माणूस आहे. गुरुवारी येतो, पण गुरुवारी यंत्र चालू असेल हे कोण सांगणार? तुमचे साहेब कुठे बसतात?’

‘बाई, ओरडू नका.’

‘ओरडणार!’

‘अगं, हळू,’ नवरा मागून म्हणाला, ‘नाजूक हृदय माझं आहे.’ पण त्याच्या आवाजात हसू होतं. रांगेतून एक म्हातारी पुढे आली, काठी टेकत. ‘मलापण गुरुवारच सांगितला होता,’ ती म्हणाली, ‘गेल्या गुरुवारी.’ आणखी कुणी ‘मलाही’ म्हणालं. मागे माणसं सरकली, खिडकीभोवती दाटी झाली, कुणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत रुतला. तिला कधी नव्हे इतकं मोकळं वाटत होतं. कारकुनाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि फोन उचलला. तो लागेपर्यंत ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.